मॅक्सिमा अल्ट्राग्रीन: नितळ नदीत सॅमनसाठी किती पौंडी लीडर?

कॅनडातल्या गास्पे भागात बोनाव्हेंचरसारख्या नद्यांचं पाणी इतकं स्वच्छ असतं की डोहाच्या तळाशी थांबलेला सॅमन काठावरून दिसतो. मग त्यालाही आपला दोरा दिसत असणार, या धास्तीने बरेच जण लगेच ६ पौंडी, म्हणजे ६ पौंडांच्या ताणाला तुटणारा लीडर लावतात. (लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी, यांच्यामधला बारीक दोरा.) ही घाई नडते, आणि म्हणूनच इथे मॅक्सिमाचा अल्ट्राग्रीन दोरा घ्यावा असं आमचं मत आहे.

हा हिरवट नायलॉनचा तंगूस. ८ पौंडी साधारण ०.२५ मिमी, १० पौंडी ०.३०, १२ पौंडी ०.३३, १५ पौंडी ०.३८. तेवढ्याच ताकदीचे नवे दोरे याहून बारीक मिळतात. पण ही जाडी कामाची आहे: गोट्यांवर घासला तरी हा तग धरतो. शिवाय थोडा ताणला जातो, त्यामुळे मासा उसळी मारतो तेव्हा हिसका थेट गाठीवर बसत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना दहा-पंधरा पौंडांच्या माशांसाठी १० पौंडी घ्या. ८ पौंडी फक्त १० किंवा १२ नंबरच्या बारक्या फ्लायसाठी, कारण जाड दोऱ्यावर ती ताठ राहते, प्रवाहात मोकळी हलत नाही. ग्रांद कास्कापेदिया नदीत मासे फार मोठे, तिथे १५ पौंडीखाली जाऊ नये. मासा फिरकत नसेल तर आधी फ्लाय एका मापाने लहान करा (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान), मग लीडर ९ फुटांवरून १२ फुटांवर न्या. ताकद कमी करायची ती सगळ्यात शेवटी. बारीक दोऱ्यावर झुंज लांबते, मासा पार दमतो. क्वेबेकमध्ये ६३ सेंमी आणि त्याहून मोठा सॅमन बहुतेक नद्यांत सोडून द्यावाच लागतो, आणि पाणी कोमट असेल तर असा दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

लीडर घरी बांधायचा तर २०, १५, १२, १० पौंडी असे उतरत्या क्रमाने तुकडे ब्लड नॉट या गाठीने जोडा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या जाडीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला की गाठ सरकते. प्रत्येक गाठ ओली करून सावकाश आवळा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतो. फ्लाय फेकताना वाऱ्याने मध्येच साधी गाठ पडली तर ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून दर थोड्या वेळाने टिपेटवरून, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्यावरून, बोटं फिरवून पाहा.

फ्लोरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो हे खरं. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप; पाण्याच्या जितका जवळ, तितका दोरा कमी दिसतो) सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे. बुडत्या फ्लायसाठी तो जरूर वापरा. पण त्याची घनता पाण्याच्या १.७८ पट असल्याने तो पटकन बुडतो आणि बॉम्बर नावाच्या तरंगत्या फ्लायचं तोंड खाली ओढतो. बॉम्बरला नायलॉनच हवा.

अल्ट्राग्रीनची उणीव एकच: रिळावरून वेटोळी होऊन निघतो. दोन हातांत धरून ताणला की सरळ होतो. गेल्या मोसमातलं, उन्हात राहिलेलं रीळ मात्र ओढून तपासल्याशिवाय लावू नका.