लायक्रा झोळी: कापडाला पूर्ण गुण, खोक्यातल्या स्क्रूंना शून्य

सेन्सरी थेरपीसाठी, म्हणजे स्पर्श, दाब, हालचाल यांतून मुलाला मदत करणाऱ्या उपचारासाठी, ऑनलाइन मिळणारी ही झोळी म्हणजे ताणणारं कापड, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), स्विव्हल (झोळी गोल फिरू देणारा जोड) आणि छताला लावायची लोखंडी पट्टी. तान्ह्या बाळाला साडीच्या झोळीत जे मिळतं तेच इथे मिळतं: चहूबाजूंनी अंगाला आवळून धरणारा खोल दाब आणि संथ हेलकावा. स्वमग्न किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेली बरीच मुलं त्यात निवांत होतात. अंगाला चिकटणारं कापडच ज्यांना सहन होत नाही, त्यांच्यासाठी मात्र सपाट फळीचा झोका बरा.

कापड दुहेरी आहे, हे उत्तम. ते आडवं भरपूर आणि उभं कमी ताणलं पाहिजे. उलट झालं तर मूल बसताच बूड जमिनीला टेकतं. मूल आत बसलेलं असताना खाली साधारण ३० सेंमी जागा राहील अशी उंची ठेवा. खाली जाड गादी, चारी बाजूंना मीटरभर मोकळी जागा.

खरी अडचण छताची. सोबत आलेले स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या भिंतीवरच्या फोटोसाठी ठीक. छतात ताण सरळ खाली येतो आणि गिट्टी निसटते. २५ किलोचं मूल ६० अंशांवरून झुललं की तळाशी दोरीवर ५० किलोचा ताण येतो, धपकन उडी मारली तर त्याहूनही जास्त. म्हणून पंख्याचा हुक नको, पीओपीचं छत तर नकोच. प्लास्टर ओलांडून स्लॅबच्या काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे धातूचे अँकर फास्टनर जाणकाराकडूनच लावून घ्या. आधी मोठ्या माणसाने लटकून बघावं. बोल्ट, कॅराबिनर आणि शिवण दर आठवड्याला तपासा.

स्विव्हलमुळे झोळी गरगर फिरते, आणि मुलं तेच मागतात. पण गरगरण्याचा परिणाम उशिरा दिसतो: चेहरा पांढरा पडणं, घाम, मळमळ, नंतर चिडचिड. शांत करायचं असेल तर एकाच रेषेत, हळू, मागेपुढे झुलवा. किती वेळ, हे मुलाला तपासलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञाकडून) ठरवून घ्या. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलाला स्वतःहून बाहेर पडता आलंच पाहिजे. आत झोप लागली तर उचलून अंथरुणावर ठेवा. धुताना थंड पाणी वापरा आणि सावलीत वाळवा, उन्हात लायक्राचा ताण जातो.