मोडांची भाजी रोजच्या जेवणात: उन्हाळा, पावसाळा काढून हिवाळा लागल्यानंतर

मार्चमध्ये सुरू केलं, आता दारात शेकोटी पेटायला लागली. घरी मोड आणायचे आणि तेच रोजच्या जेवणात वापरायचे, याचा एवढ्या महिन्यांत पुरता अंदाज आला म्हणून सविस्तर लिहिते. निकाल आधीच सांगते. मोडांना भाजी समजून वागवलं तर खेड्यातल्या घराला फार मोठा आधार होतो. वाटीत कच्चे घेऊन वर लिंबू पिळून चमच्यानं खायचे, हा प्रकार आमच्या घरात आठवडाभरही टिकला नाही. पहिल्या वाटीलाच आत्याबाई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "कोंबड्याइचे दाने आमाले खाऊ घालून राहिली का वं?" मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे, दात निम्मे गेलेले, त्यांनी तर वाटी तशीच सरकवली. त्याच मोडांना कांदा-लसणाची फोडणी बसली आणि ताटात भाकर आली, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. मोडांच्या ज्या व्हिडिओंवरून मी शिकले त्यांपैकी एकातही पाण्याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि आमच्याकडे सगळा खेळ पाण्याचाच आहे. एकाच पोत्यातला मूग दोन गंजांत (पातेल्यांत) भिजवून पाहिला, एक बोअरच्या पाण्यात आणि एक नळाच्या. नळाच्या पाण्यातल्या मुगाला सकाळी करंगळीच्या पेरापेक्षा थोडे कमी मोड होते, सगळ्यांना सारखे. बोअरच्या पाण्यातले अर्धे दाणे नुसतेच फुगलेले, काहींचं टरफल जरासं उकललेलं आणि आत पांढरा ठिपका, बस. पाण्यातच मीठ असलं की दाण्याला ते पाणी ओढून घेणं जड जातं. खारवट जमिनीत बी उगवायला कुचराई करतं तेच इथे घरातल्या गंजात होतं.

नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही. त्यामुळे गोडं पाणी फक्त भिजवण्याला आणि मधल्या धुण्याला वापरते. सुरुवातीची माती, कचरा काढायला बोअरचं पाणी चालतं. शेवटचं धुतलेलं पाणी तुळशीला. या हिशेबानं वाटीभर मुगाला फार पाणी लागत नाही. आणखी एक फायदा आधी ध्यानात आला नव्हता: जड पाण्यात कोरडं कडधान्य तासन् तास शिजत नाही, लोक मग सोडा टाकतात. गोड्या पाण्यात भिजून मोड आलेला मूग मात्र झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटांत मऊ होतो. सोड्याची पुडी आमच्या घरातून गेली, गॅसही वाचतो.

आता साधनाबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. मी हौसेनं तीन मजली प्लास्टिकचा डबा घेतला होता, मोडांसाठी खास मिळतो तो. माझ्या मते पैसे वाया. मजल्यांना बारीक भोकं असतात, मुगाच्या शेपट्या त्यात उतरतात आणि मग डबा घासायला सुई घेऊन बसा. खालच्या मजल्यात पाणी साचतं आणि त्या पाण्याला वास लागतो. मे महिन्यात झाकण उघडलं की तोंडावर वाफ. आता त्यात मिरच्या ठेवते. त्यापेक्षा मामाजींच्या जुन्या धोतराचा हातभर तुकडा आणि घरातली पिठाची मोठी चाळणी उत्तम. कापड जितकं जुनं आणि विरलेलं, तितकं चांगलं. नव्या कापडाची खळ जात नाही आणि पाणीही धरत नाही. कापडाला साबण लावायचा नाही, उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायचं. पावसाळ्यात कापड वाळत नाही म्हणून दोन तुकडे ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा.

खरी कसोटी उन्हाळ्याची. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि रात्रीही भिंती गरम असतात. पुण्या-मुंबईकडच्या पद्धतीनं रात्री भिजवून सकाळी उपसलं तर पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. म्हणून वेळ उलटी केली. दुपारची भांडी झाली की भिजवायचं, झोपताना उपसून कापडात बांधायचं, रात्रीच्या त्यातल्या त्यात गारव्यात मोड येऊ द्यायचे आणि सकाळी शेताच्या डब्यात भाजी. चाळणी माठाखालच्या ओल्या रेतीजवळ ठेवते. माठ पाझरतो, रेती गार राहते आणि कापड वाळत नाही. सकाळी गाठ सोडली की पांढरे मोड कापडाच्या विणीतून बाहेर डोकावलेले असतात, हिरवी टरफलं सुटून बाजूला पडलेली, आणि मुठीत घेतल्यावर दाणे थंडगार लागतात. कच्च्या शेंगेसारखा वास आला की समजायचं जमलं. हाताला चिकट लागलं किंवा आंबट वास आला तर ते गुरांनाही घालू नका, सरळ उकिरड्यावर.

पावसाळ्यात मोड झटपट येतात, पण बुरशी आणि चिलटं तितकीच झटपट. दिवसातून तीनदा धुणं आलं. थंडीत उलट. दोन-दोन दिवस काहीच हलत नाही. कोमट पाण्यात भिजवून, कापडासकट चाळणी गोधडीत गुंडाळून चुलीच्या आडोशाला ठेवली तर येतात. पण खरं सांगू का, थंडीत मी फार मागेच लागत नाही. तेव्हा वावरात तुरीचे सोले असतात, हरभऱ्याचा पाला असतो, बाजारात वांगी-मेथी स्वस्त. ताजी भाजी दारात असताना मोड कशाला? मोडांचे खरे दिवस एप्रिल ते ऑगस्ट. आठवडी बाजारात भाजी सुकलेली आणि महाग, आणि मुगवड्यांच्या डब्याचा तळ दिसायला लागलेला, अशा वेळी पोत्यातला मूग रातोरात भाजी होतो.

कोणतं धान्य? मूग आणि मटकी बिनधोक. मटकीचे मोड लवकर येतात आणि चवीला मुगापेक्षा सरस, यात आमच्या घरी दुमत नाही. बारका देशी हरभरा वेळ घेतो, पण त्याची तर्री करून पोह्यांवर ओतली की नेहमीच्या भिजवलेल्या चन्याची आठवण येत नाही. बरबटी (चवळी) मला जमत नाही. तिला बुळबुळ लवकर सुटते, तिचे मोड दिसू लागताच ती शिजवून टाकते. मेथ्यांचे मोड कडवट, पण मूठभर घालून गूळ टाकलेली आमटी आत्याबाईंना फार आवडते. दाणे निवडताना भुंग्यानं भोक पाडलेले आणि पाण्यावर तरंगणारे काढून टाका, त्यांचा कोंब आतून खाल्लेला असतो आणि तेच आधी सडतात. काही गणंग दाणे कितीही भिजवा, दगडच राहतात. मोड नसलेले म्हणून वेगळे काढा, नाहीतर मामाजींसारख्याचा उरलेला दातही जाईल.

पेरणीतून उरलेलं बियाणं मात्र कधीच नाही, हे शेतकरी घरांसाठी मुद्दाम लिहिते. पाकिटातल्या बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्यासाठीच देतात. दहा पाण्यांनी धुतलं तरी ते खाण्याचं होत नाही. पोत्यात कीड मारायची सेल्फॉसची विषारी गोळी ठेवलेली असेल तर तेही धान्य मोडांसाठी घेऊ नका. घरी सोयाबीनची थप्पी असते म्हणून बायका त्याचं विचारतात. मोड येतात, पण कच्चं सोयाबीन प्रथिनं पचू देत नाही, खूप शिजवावं लागतं आणि इतकं करून चव बेताचीच. ज्वारीच्या कोंबांच्या वाटेला तर जाऊच नका. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं हे गावात लहान पोरालाही माहीत असतं. कोंबात सायनाइड तयार करणारं तेच द्रव्य असतं.

"मोड आणले की प्रोटीन दुप्पट" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. तसं होत नाही. कोरड्या मुगात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि लांब मोडांच्या मुगात ३ ग्रॅमच्या आसपास, कारण त्यात ९० टक्के पाणीच असतं. मूठभर मुगाला मोड आले तर त्यातली प्रथिनं त्या मूठभर मुगाचीच. खरा फायदा दुसरीकडे आहे. कोरड्या दाण्यात नावापुरतं असलेलं क जीवनसत्त्व मोडांत वाढतं, आणि लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, म्हणून खाल्लेलं लोह अंगी जास्त लागतं. शिजवताना क जीवनसत्त्व थोडं जातं, ते मी खाली उतरवल्यावर लिंबू पिळून भरून काढते. पोट फुगवणाऱ्या साखराही मोडांत कमी होतात. आमच्या यांना (नवऱ्याला) हरभऱ्यानं हमखास त्रास व्हायचा, मोडांच्या हरभऱ्यानं तो पुष्कळ कमी झाला, अगदी गेला असं नाही.

कच्चं का नको, याला दातांपलीकडे मोठं कारण आहे. उबदार ओलाव्यात मोड वाढतात, आणि दाण्यावर जंतू असले तर त्याच ओलाव्यात तेही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथ्यांच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय हा जंतू पसरला, सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मेले. तिथले कारखाने स्वच्छ, आणि आमच्याकडे खळ्यावर मळणी झालेला मूग, त्यावरून कुत्रं-कोंबडं हिंडलेलं. म्हणून गर्भार बाई, लहान लेकरं आणि म्हातारी माणसं यांना आमच्या घरातून कच्चे मोड मिळत नाहीत, निदान खळखळून वाफ दिलेलेच मिळतात. मुलांना तशीच वाफवलेली मटकी मुरमुऱ्यात कांदा, टमाटर आणि सांबार (कोथिंबीर) घालून देते, शाळेतून आल्याआल्या ती आधी संपते.

जेवणात काय काय केलं ते थोडक्यात. रोजची म्हणजे कोरडी उसळ: तेलात मोहरी, लसूण ठेचून, लाल तिखट, मोड, थोडं मीठ, झाकण, उतरवताना जवसाची चटणी चमचाभर. ज्वारीच्या भाकरीसोबत हीच शेतात जाते. रस्सा केला तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत डब्यात आंबतो, म्हणून डब्याला कोरडीच. घरी जेवायचं असेल तेव्हा कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा रस्सा. उरलेले मोड हिरव्या मिरचीसोबत पाट्यावर जाडसर वाटून धिरडे घालते; लाइट असली तर मिक्सरवर, पण पाट्यावरच्याला पोत येतो. खिचडीतही डाळीऐवजी मोड टाकून पाहिले. ठीक लागतात, पण घरच्यांनी पुन्हा मागितली नाही.

मोड आलेले ठेवायचे किती, यावर फ्रिज आहे की नाही ते पाहा. फ्रिजमध्ये कोरडे करून, झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस नीट राहतात. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा त्याचा भरवसा नाही, म्हणून एका वेळी एका दिवसापुरतंच भिजवते. वाटीभर कोरडा मूग फुगून अडीच वाट्यांच्या आसपास होतो, पाच-सहा माणसांना भाजी म्हणून पुरतो. खर्चाचं म्हणाल तर २०२५-२६ चा मुगाचा हमीभाव क्विंटलला ८,७६८ रुपये होता, म्हणजे किलोला ८८ च्या आत. हमीभावानं खरेदी होते कुठे, हा वेगळा विषय. किराणा दुकानात त्याहून जास्तच द्यावे लागतात, तरी एका वेळच्या वाटीभर मुगाचा खर्च जूनमधल्या पाव किलो गवारीच्या बरोबरीनं येतो, आणि पाव किलो गवार पाच-सहा माणसांना पुरत नाही. ज्यांच्या वावरात कपाशीत मुगाच्या ओळी असतात, त्यांनी पोळ्याच्या सुमारास शेंगा तोडल्या की घरखर्चाचा मूग बाजूला काढून उन्हात चांगला कडकवून ठेवावा. तोडणीच्या वेळी पाऊस लागला तर शेंगेतच मोड फुटतात. तो मूग नंतर भिजवून येत नाही, लगेच डाळ करून टाका.