‘फिटआउट’च्या नावाखाली दिलेला ताबा

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावरील वाघोली परिसरात जे मोठे गृहप्रकल्प उभे राहिले, त्यांपैकी एकात आमची सदनिका आहे. विकसकाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण सुनावणीत आहे आणि ‘फिटआउट’च्या नावाखाली ताबा देण्याची ही रीत एकट्या त्याची नाही. आम्हाला आलेल्या पत्राच्याच जवळजवळ मजकुराची पत्रे शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलेल्या परिचितांनीही मला दाखवली आहेत.

करारनाम्यातील ताब्याची तारीख उलटून बराच काळ लोटला होता. अशा वेळी रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १८ नुसार, प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकाला प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज देणे विकसकावर बंधनकारक असते, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरहून (कर्जासाठी आधार धरल्या जाणाऱ्या व्याजदराहून) दोन टक्के अधिक धरला जातो. साठ लाख रुपये भरून बसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत ही रक्कम महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास जाते. अनेक इमारतींचा हिशेब केला, तर कागदोपत्री ताबा दिल्याचे दाखवण्याची विकसकाला एवढी घाई का असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

दसऱ्याच्या सुमारास सर्वांना पत्र आले. शीर्षक होते ‘फिटआउटसाठी ताबा’, म्हणजे फर्निचरचे काम सुरू करता यावे म्हणून चावी. त्यासाठी शेवटचा हप्ता आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स जीएसटीसह आगाऊ भरायचा होता. एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबाला दिवाळीच्या तोंडावर चावी दाखवली, तर ते काय करील याचा अंदाज विक्री कार्यालयाला पुरेपूर असतो. चावी हातात देण्यापूर्वी सही घेतलेल्या चार पानी पत्रात, तिसऱ्या पानावर, एक कलम होते: सदनिका पाहून पूर्ण समाधान झाले असून ताब्यास झालेल्या विलंबाबाबत खरेदीदाराची कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.

भोगवटा प्रमाणपत्राबद्दल विचारणाऱ्यांना एक कागद दाखवला जात असे. त्यावर ‘पूर्णत्वाचा दाखला’ असे ठळक छापलेले होते. आमच्याच इमारतीतील, महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी तो वाचून व्यवस्थापकाला विचारले, “अहो, हे तर तुमच्या आर्किटेक्टचे लेटरहेड आहे. प्राधिकरणाचा शिक्का कुठे आहे?” “ती फाईल टेबलावर आहे काका, पंधरा दिवसांत सही होईल,” असे उत्तर आले. हा फरक नीट लक्षात घेण्यासारखा आहे. काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले असे वास्तुविशारद प्रमाणित करतो. इमारत राहण्यास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र मात्र बांधकाम परवानगी देणारी यंत्रणाच देते. आमच्या भागात तर या बाबतीत गोंधळाला भरपूर वाव आहे, कारण वाघोलीसह तेवीस गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आली, तरी आमच्या इमारतींची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. लोक महापालिकेत चौकशी करतात, तेथे ती फाईलच नसते आणि विकसकाला आणखी काही महिने मिळतात.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांच्या त्या अर्जाला लेखी उत्तर मिळाले की या इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठी परिपूर्ण प्रस्तावच दाखल झालेला नाही. टेबलावर आहे म्हणून सांगितलेली फाईल अस्तित्वातच नव्हती. अग्निशमन विभागाचे अंतिम ना हरकत प्रमाणपत्रही घेतलेले नव्हते, आणि तोपर्यंत अकराव्या मजल्यापर्यंत बिऱ्हाडे राहायला आली होती.

पुढचे हाल थोडक्यात सांगतो. वीज बांधकामासाठी घेतलेल्या जोडणीवरून आली आणि तिचे बिल विकसक ठरवील त्या दराने. महापालिकेचे पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे हमीपत्र त्याने परवानगी घेताना दिलेले होते, तरी उन्हाळ्यातील टँकरचा खर्च आमच्याच आगाऊ मेंटेनन्समधून वळता झाला. एका शेजाऱ्यांना बदलीमुळे घर विकायचे होते; खरेदीदाराच्या बँकेने भोगवटा प्रमाणपत्राअभावी कर्ज नाकारले. आणि आम्ही विलंबाच्या व्याजाची नोटीस पाठवली, तेव्हा वकिलामार्फत आलेल्या उत्तराला ते फिटआउटचे पत्र जोडलेले होते: ताबा दिला आहे, तक्रार नसल्याची सही आहे, सबब व्याजाचा प्रश्न उद्भवत नाही. काम करण्यापुरती चावी म्हणून दिलेला कागद तेथे पूर्ण ताब्याचा पुरावा झाला होता.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. सदनिकांच्या विक्रीविषयीच्या १९६३ च्या मोफा या राज्य कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे (वास्तुविशारदाचे नव्हे) पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी ताबा देण्यास विकसकाला मनाई केली आहे, तशीच तो घेण्यास खरेदीदारालाही. विकसकाचे वकील यातला दुसरा भाग तेवढा आवर्जून वाचून दाखवतात. रेराच्या कलम ११ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र मिळवण्याची जबाबदारी विकसकाचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, जिला या प्रमाणपत्राअभावी पंचवीस टक्के जादा मालमत्ता कर आणि पन्नास टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती, असे म्हटले की प्रमाणपत्र न मिळवून देणे ही सेवेतील त्रुटी असून ती चालू राहणारी चूक आहे. त्यामुळे वर्षे उलटली म्हणून दाद मागण्याचा हक्क गेला असे कोणी सांगितले, तर ते मान्य करू नये. याच आधारावर आमची तक्रार महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, दाखल आहे.

दरम्यान आमच्या मागच्या दोन इमारतींतील ग्राहकांना तेच पत्र वाटणे सुरू झाले आहे. त्यांनी, आणि असे पत्र ज्यांच्या हाती येईल त्या प्रत्येकाने, पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर तीन गोष्टी मागाव्यात: भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक, त्याची तारीख आणि ते आपल्या इमारतीच्या कोणत्या मजल्यांना लागू आहे याचा तपशील, कारण अंशतः प्रमाणपत्र घेऊन ते सर्व मजल्यांसाठी असल्याचे भासवले जाते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत ते अपलोड झाले आहे का हेही पाहावे. नोंदणी क्रमांक असणे म्हणजे प्रमाणपत्र मिळणे नव्हे. परिस्थितीमुळे चावी घ्यावीच लागली, तर विलंबाची तक्रार नसल्याचे वाक्य खोडून तेथे सही करावी, ‘विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून, केवळ अंतर्गत कामासाठी’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी विकसकाला ईमेलने पाठवावा. आमच्या इमारतीत दोघांनी असे केले होते. कार्यालयाने थोडी कुरकुर केली, पण चावी त्यांनाही मिळाली आणि व्याजाच्या नोटिशीला आलेल्या उत्तरात त्या दोघांचे पत्र जोडलेले नव्हते.