बिजागरी बदलल्याचे सांगितले, आत मात्र ग्लू भरला होता

लॅपटॉपची स्क्रीन डुगडुगते म्हणून मी तो दुरुस्तीला दिला, तेव्हा बिजागरीची नवी जोडी बसवल्याचे सांगून माझ्याकडून पूर्ण पैसे घेण्यात आले आणि प्रत्यक्षात जुन्याच बिजागरीभोवती ग्लू ओतून झाकण बंद करण्यात आले. ही हकीकत तपशिलाने लिहीत आहे, कारण ही फसवणूक बाहेरून दिसत नाही, काही आठवडे काम उत्तम झाल्यासारखेच वाटते, आणि खरा प्रकार उघडकीस येईपर्यंत साधी दुरुस्ती करण्याची संधी हातची गेलेली असते.

बिघाड मुळात लहान होता. स्क्रीन उघडताना उजव्या कोपऱ्यात ‘कट्’ असा आवाज येई, स्क्रीनभोवतीची चौकट, म्हणजे बेझल, तिथे नखभर उचलली जाई आणि लॅपटॉप जरा हलला तरी स्क्रीन मागे कलंडत असे. लॅपटॉपची बिजागरी, जिला दुकानात सगळे हिंज म्हणतात, घर्षणावर चालते. धातूच्या दांड्यावर चकत्या नटाने आवळून बसवलेल्या असतात आणि त्यांच्या घर्षणामुळे स्क्रीन हव्या त्या कोनात थांबते. चकत्या झिजल्या किंवा नट ढिला झाला तर बिजागरी खरोखरच सैल होते. पण पुष्कळदा घडते ते नेमके उलट: वंगण सुकल्याने किंवा गंज धरल्याने बिजागरी कडक होते, उघडमिटीचा सगळा जोर तिच्या स्क्रूंवर येतो, आणि हे स्क्रू ज्या बारीक पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकच्या छोट्या खांबांत रुतवलेले असल्यामुळे एक दिवस तो खांबच चिरतो. नट स्क्रूसकट उपटून येतो. वापरणाऱ्याला बिजागरी सैल झाल्यासारखी वाटते, पण तुटलेले असते प्लास्टिक. माझ्या लॅपटॉपचे हेच झाले होते.

दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच सांगितले, “मॅडम, आतली केबल कापली गेलीये. डिस्प्ले कधीही जाईल. पूर्ण डिस्प्लेच बदलून घ्या.” स्क्रीनची केबल बिजागरीजवळूनच जाते, त्यामुळे हे ऐकणाऱ्याला पटण्यासारखे असते. मात्र त्याची खात्री तिथल्या तिथे करता येते. मी स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडले आणि झाकण अगदी सावकाश पुढेमागे फिरवले. चित्र कुठेही लुकलुकले नाही, रेघ उमटली नाही, रंग बदलला नाही. केबल दुखावलेली असती तर असे करताना बहुधा काहीतरी लक्षण दिसले असते. हे पाहिल्यावर तो डिस्प्लेचा विषय सोडून म्हणाला, “मग हिंजची जोडी नवी टाकतो, बाकी कशाला हात लावत नाही.” त्या बोलण्यावर व्यवहार ठरला.

लॅपटॉप परत मिळाला तेव्हा झाकण घट्ट उघडत होते आणि कोपरा उचलला जात नव्हता. जुने सुटे भाग मागितले तर “ते भंगारात गेले” असे उत्तर मिळाले, आणि पावतीवर नुसते ‘हिंज काम’ एवढेच लिहिलेले होते. बेझलच्या खालच्या कडेला धुरकट पांढरा पट्टा दिसत होता. झटपट चिकटणाऱ्या ग्लूची वाफ प्लास्टिकवर बसली की असाच थर उमटतो, पण “ती धूळ आहे, पुसली जाईल” असे मला ठामपणे सांगण्यात आले.

काही आठवड्यांनी मागच्या झाकणाला उजव्या बाजूने तडा गेला आणि वायफाय मध्येच तुटू लागले. दुसऱ्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, तेव्हा आतले दृश्य पाहून मला मनापासून संताप आला. बिजागरी जुनीच होती. तिच्या दांड्यावरचा गंज आणि घासल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. तिच्याभोवती पिवळसर, काचेसारखा कडक गोळा जमलेला होता, त्यात स्क्रूंची डोकी बुडून गेली होती आणि काही स्क्रू तर मुळात बसवलेच नव्हते. स्क्रीनच्या कडेला असलेल्या वायफायच्या अँटेनाची तार बिजागरीखाली चेपली गेली होती. गरम हवा देऊन त्याने तो गोळा मऊ करण्याचा प्रयत्न केला, पण ग्लूबरोबर झाकणाच्या प्लास्टिकचा तुकडाही निघून आला. एक खांब पुन्हा उभारून भागले असते, तिथे आता बिजागरीची जोडी, मागचे झाकण, बेझल आणि अँटेनाची तार असे सगळेच बदलावे लागले.

इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणारा ग्लू, वापरणे हीच लबाडी आहे असे मी म्हणत नाही. सुटा भाग मिळत नसेल तर पितळी नट जागेवर ठेवून त्याभोवती इपॉक्सीने खांब नव्याने उभारणारे आणि तसे आधीच सांगणारे प्रामाणिक कारागीर आहेत. मात्र तेसुद्धा आधी बिजागरी सोडवून, तिला वंगण देऊन किंवा तिचा नट थोडा ढिला करून तिचा कडकपणा कमी करतात, कारण तो तसाच राहिला तर नवा खांबही तुटणारच. माझ्या बाबतीत मूळ कारणाला कोणी स्पर्शच केला नाही, आणि नव्या भागाचे पैसे मात्र घेतले.

पहिल्या दुकानात छायाचित्रे दाखवली, तेव्हा “दुसरीकडे उघडलात, आता आमची जबाबदारी नाही” असे सांगून मला परत पाठवण्यात आले. पावतीवर भागाचे नाव नसल्यामुळे नवी जोडी ठरली होती हे सिद्ध करणे अवघड झाले. म्हणून बिजागरीचे काम देताना पावतीवर ‘डावी व उजवी बिजागरी, नवी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, जुनी जोडी परत देण्याची अट आधीच घालावी आणि झाकण बंद करण्यापूर्वी आतले छायाचित्र मागावे. खरोखर भाग बदलणाऱ्याला यात काहीच अडचण नसते. जो या मागणीवर चिडतो किंवा “कंपनीचे नियम आहेत” असे मोघम बोलतो, त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नये. पैसे देण्यापूर्वी झाकण मधोमध धरून हळूहळू उघडावे आणि नजर स्क्रीनवर न ठेवता खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठेवावी. एक बाजू दुसरीपेक्षा जड वाटली, बेझल किंचितही फुगले किंवा कडेला पांढरट डाग दिसला, तर तिथेच, आपल्यासमोर, ते पुन्हा उघडायला सांगावे.