रेडिएशन चालू व्हायच्या आधी या लोकांना एकदा भेटाच (सांगली)

अण्णांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पुढं ३० रेडिएशन सांगितली, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. तासगावहून मिरजेला रोज जायचं-यायचं कसं यातच आम्ही अडकलेलो, बाकी काही डोक्यातच नव्हतं. शेजारच्या वहिनींनी सांगलीतल्या या ग्रुपचा नंबर दिला. सगळे तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरमधून बरे झालेले, एक रुपया घेत नाहीत, नाव टाकू नका म्हणाले म्हणून टाकत नाही.

गेल्या गेल्या पहिला प्रश्न, दात दाखवले का? आम्हाला तोवर कुणीच बोललं नव्हतं. रेडिएशननंतर दात काढायची वेळ आली तर जखम लवकर भरत नाही, कधी कधी जबड्याचं हाडच खराब होतं, म्हणून किडके दात आधीच काढायचे आणि हिरडी भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. लगेच डॉक्टरांना विचारलं, तीन दात काढले आणि त्या हिशोबानं त्यांनी तारीख बसवून दिली.

अण्णांना खरी भीती मास्कची होती, रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात ऐकून झोप उडालेली. तिथल्या एका काकांनी पिशवीतून स्वतःचा जुना मास्क काढून अण्णांच्या हातात दिला. पांढरी प्लॅस्टिकची जाळी, नाकाचा उंचवटा तसाच उमटलेला. अण्णा भोकांतून बोट फिरवत बसले, मग म्हणाले, हवा येते की यातून. काका म्हणाले, आत कॅमेरा असतोय, घाबरलासा तर नुसता हात वर करा, लगेच येत्यात.

तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम करून दाखवला. पुढं गिळता येईना झालं तर नाकातून नळी घालतात, तिच्यातून गाळलेली नाचणीची पेज कशी सोडायची, नंतर नळीत पाणी कसं फिरवायचं, पेशंटला अर्धा तास बसतं ठेवायचं, हे सगळं आईकडून करून घेतलं.

दोन गोष्टी खटकल्या. जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अशक्त पेशंटनं चढायचं कसं? आणि ग्रुपात बाई एकपण नाही. मिश्रीवाल्या कितीतरी बायकांना हा आजार होतो, त्या परक्या पुरुषासमोर तोंड उघडून दाखवणार आहेत का? हे मी तिथं बोललोय.

काल १८वं झालं. तोंड आलंय, भडंगाचं नाव काढलं तरी अण्णा मान फिरवतात, वरणाचं पाणी आणि दुधावर चाललंय. पण नळी अजून लागलेली नाही आणि काड्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत, काल नऊ बसल्या.