घरी उघडलेला लॅपटॉप बिघडला: सर्व्हिस सेंटर की चिप-लेव्हलवाला?

एसएसडी किंवा रॅम वाढवायला मागचं झाकण काढलं आणि आत काहीतरी मोडलं, तर लगेच नव्या लॅपटॉपच्या किमती बघू नका. मोडलेलं बहुधा किरकोळच असतं. कीबोर्डची रिबन केबल धरून ठेवणारी बारीक पट्टी उचलायची असते. लोक केबलच ओढतात आणि पट्टी तुटते. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे बॅटरी न काढता स्क्रीनच्या केबलला हात घालणं. कनेक्टर जरा तिरका बसला, की बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) सप्लाय शॉर्ट होतो आणि बोर्डावरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडतो. लॅपटॉप चालू होतो, स्क्रीन मात्र काळी. टॉर्च तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसलं तर 'पॅनल गेलं' म्हणणाऱ्याला आधी फ्यूज तपासायला सांगा.

सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा असा सुटा फ्यूज किंवा कनेक्टर बदलत नाहीत. तो बोर्डाला सोल्डर केलेला, म्हणून अख्ख्या मदरबोर्डचं एस्टिमेट हातात पडतं. साध्या वॉरंटीत अपघाती नुकसान बसत नाही, तेव्हा पैसे तुमचेच. अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर त्याच्या अटी वाचा आणि आधी तिथेच जा. अस्सल पार्ट मिळतो आणि त्याची वॉरंटीही. फक्त बोर्ड बदलल्यावर बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, ती आधी शोधून ठेवा. अलीकडच्या मॅकबुक एअरसारख्या मशीनमध्ये स्टोरेजच बोर्डावर असतं. तिथे बोर्ड गेला की डेटाही गेला.

चिप-लेव्हलवाला, म्हणजे बोर्डावरचे बारीक सुटे भाग बदलणारा कारागीर, तोच बोर्ड दुरुस्त करतो, त्यामुळे डेटा जागेवर राहतो आणि बिलही सहसा बोर्डाच्या किमतीच्या जवळपास जात नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी दुकानं आहेत, इतर शहरांतही सापडतात. मायक्रोस्कोपखाली मोडका कनेक्टर काढायचा आणि भंगार बोर्डावरचा तेवढ्याच पिनांचा बसवायचा, असं ते काम. सगळा खेळ हाताचा. हॉट एअर मारताना शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरांवर उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावतो का, हे बघा; न लावणाऱ्याकडे एक दुरुस्त होताना दोन वितळतात. फ्यूजच्या जागी तार जोडून देणारेही भेटतात. स्क्रीन उजळते खरी, पण पुढचा शॉर्ट थेट बोर्ड किंवा पॅनल जाळतो. गॅरंटी इथे कमीच, जी काय असेल ती बिलावर लिहून घ्या.

माझा कौल प्लॅन नसेल तर चिप-लेव्हलला. मात्र क्रम चुकवू नका: तपासणीचे पैसे लागले तरी सर्व्हिस सेंटरचं लेखी एस्टिमेट आधी घ्या. बाहेर सोल्डरिंग झालेला बोर्ड बघून ते लॅपटॉप हातात घ्यायलाही नकार देऊ शकतात.

चहा-पाणी सांडलं असेल तर मात्र एस्टिमेटच्या फेऱ्या मारायला वेळ नाही. गंज लगेच सुरू होतो. चार्जर काढा, चालू करून बघू नका, तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. बोर्ड उघडून धुणाऱ्याकडे त्याच दिवशी न्या.

आणि मशीन सात-आठ वर्षं जुनं असून बोर्डच जळला असेल, तर दोघांकडेही पैसे घालू नका. एसएसडी सुटी असेल तर काढून एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घाला; डबी घेताना एसएसडी साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई ते तिच्या स्टिकरवर बघून घ्या.