मिडल-अर्थचा ॲटलस, एक आख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

कॅरन विन फोनस्टॅड यांचा 'द ॲटलस ऑफ मिडल-अर्थ' घेऊ का असं बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, मिडल-अर्थ म्हणजे जे. आर. आर. टोल्कीनने रचलेलं काल्पनिक जग, आणि फक्त त्याची मूळ कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायची असेल तर हा नकाशासंग्रह नाही घेतला तरी चालेल, तिच्यात त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफर टोल्कीनने काढलेले नकाशे आहेत ते पुरतात. पण मागची परिशिष्टं वाचायची असतील, म्हणजे ते राजे, त्या सनावळ्या, कुणी कुठलं शहर कधी घालवलं वगैरे, तर हा शेजारी उघडा नसेल तर पाच पानांत माणूस हरवतो.

पहिली आवृत्ती १९८१ ची, सुधारलेली १९९१ ची, माझ्याकडे सुधारलेली आहे. बाई शिकलेल्या भूगोलच, त्यामुळे नुसती सुंदर चित्रं काढून सोडून दिलेली नाहीत, हा डोंगर असा का, इथे पाऊस किती पडत असेल, झाडी कुठली, कुठली भाषा कुठपर्यंत, सगळ्याचा विचार केलाय. मांडणी युगांप्रमाणे आहे. पहिल्या युगातला बेलेरिआंड समुद्राखाली गेला आणि त्यातला लिंडनचा पट्टा तेवढा उरला हे वाचून माहीत होतं, पण दोन्ही नकाशे मागेपुढे करून बघितले तेव्हा कुठे डोक्यात बसलं की केवढा मुलूख गेला. नूमेनोरचं तसंच, पाच टोकांच्या चांदणीसारखं बेट, मधोमध मेनेलतार्मा डोंगर, आणि दुसऱ्या युगात ३३१९ साली सगळं बुडालं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला गोंडोर या राज्याच्या किनाऱ्यावर. आम्ही विजयदुर्गाकडचे, त्यामुळे नकाशात पहिली नजर खाडीवरच जाते. गोंडोरचं मोठं बंदर पेलार्गिर समुद्रावर नाहीच, अँडुइन नदीच्या मुखापासून बरंच आत आहे, आणि बाहेरच्या वाचकाला हे विचित्र वाटत असेल पण आपल्याकडे राजापूर बंदर असंच आत होतं, आंग्र्यांची गोदीसुद्धा वाघोटन खाडीच्या आतच. वादळ नाही, उघड्या समुद्रावरून अचानक हल्ला नाही, गोडं पाणी जवळ. हे एकदा लक्षात आलं की तिसऱ्या युगातली भाऊबंदकी नीट कळते. राजा एल्डाकारची आई उत्तरेकडची, म्हणून बऱ्याच सरदारांना तो नको होता. १४३७ मध्ये आरमाराचा प्रमुख कास्तामीर याने त्याला हाकलून गादी घेतली, त्या लढाईत राजधानी ऑस्गिलिअथ जळली, आणि या माणसाला जमिनीशी काही देणंघेणं नाही, सगळा जीव जहाजांत, राजधानीच पेलार्गिरला न्यायचा बेत. दहा वर्षांनी एल्डाकार सैन्य घेऊन परत आला आणि एरुई नदीच्या उतारावर कास्तामीरला मारलं. पण त्याची पोरं पेलार्गिरात शिरून बसली आणि एल्डाकारकडे समुद्राच्या बाजूने वेढा घालायला जहाजंच नाहीत, मग १४४८ मध्ये ती आरामात दक्षिणेकडच्या उंबार बंदराला निघून गेली. पुढे कित्येक शतकं तिथलेच चाचे गोंडोरचा किनारा लुटत राहिले.

हे वाचून मला तर आंग्रेच आठवले. १७२९ मध्ये कान्होजी गेले, मग काही वर्षांत संभाजी आणि मानाजी वेगळे, पुढे तुळाजी, आणि १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर, आरमार जळून खाक. गोष्ट सारखी नाही, पण आपल्याच आरमाराशी वैर घेतलं की किनारा कुणाच्या हातात जातो ते दोन्हीकडे दिसतं.

अंतरांचं काम पण झकास. कुणी कुठल्या दिवशी कुठे मुक्काम केला ते वाटेवर तारखेसकट दाखवलंय. रोहान राज्याची राजधानी एडोरस ते गोंडोरचं मिनास तिरिथ १०२ लीग, म्हणजे साधारण ४९० किलोमीटर, आपल्या हायवेने मुंबई ते सावंतवाडी म्हणा ना, आणि एवढं घोडदळ घेऊन. रोहानचा राजा थेओडेन गोंडोरच्या मदतीला वेळेत पोचेल की नाही ही धाकधूक आकडा कळल्यावर खरी वाटते.

आता तक्रारी. अक्षरं बारीक आहेत, काळी आणि तांबूस अशा दोनच शाया, रात्री लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या दिव्यात नद्या आणि वाटा एकमेकांत मिसळतात. टोल्कीनच्या मसुद्यांचे खंड १९९६ पर्यंत येत होते, त्यामुळे शेवटचे यात नाहीत. जिथे मूळ पुस्तक गप्प आहे तिथे बाईंनी स्वतःचा अंदाज लावलाय, मजकुरात कारण दिलंय पण नुसता नकाशा बघणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून मजकूर वगळू नका. आणि उंबारच्या खाली दक्षिणेला जवळजवळ कोरं. यात त्यांचा दोष नाही, टोल्कीननेच सगळा इतिहास गोंडोरच्या बाजूने लिहिलाय, चाच्यांची बखर कोण लिहिणार. पण किनाऱ्यावरच्या माणसाला ती जागा खटकतेच.

कोकणात राहत असाल तर पेपरबॅक जूनच्या आधी प्लास्टिकच्या डब्यात टाका, सिलिका जेलच्या पुड्या घालून, माझ्या प्रतीच्या कडेला बुरशीचे ठिपके आलेच आणि पानं फुगलीत ती वेगळीच. श्रावणात ऊन पडलं की थेट उन्हात नको, पडवीत उघडी ठेवा. वाचताना परिशिष्ट 'अ' गोष्टीसाठी आणि 'ब' सनांसाठी, दोन्हीत खुणा घालून ठेवा, आणि सुरुवात पहिल्या युगापासून न करता थेट तिसऱ्या युगाच्या नकाशांपासून करा, ओळखीची नावं तिथेच सापडतील.